भीमपलासी आणि कुंडी

शेठनी माझ्या वहीची चार पानं उलटली आणि विचारलं, "इसमें जज कौन है, भिया?"

"जज नहीं है."

"वोटिंग?"

"वो भी नहीं."

"तो फिर बोलेगा कौन?"

"कोई नहीं बोलेगा, शेठ. सिर्फ गाना होगा."

शेठ म्हणजे देवासच्या आमच्या लोकल केबल चॅनेलचे मालक. मी तिथला प्रोग्राम प्रोड्यूसर. काय दाखवायचं, कधी दाखवायचं आणि चुकलं तर बोलणी कोणी खायची, हे प्रोड्यूसर ठरवतो. त्यातलं शेवटचं आपोआप ठरतं. बावीस वर्षं मी गरबे, फिती कापणं आणि टेकडीवरची नवरात्रातली गर्दी दाखवली. आणि ती सगळी वर्षं एका निळ्या वहीत माझ्या मनातला संगीताचा कार्यक्रम लिहीत राहिलो.

मोठ्या चॅनेलवर गाणाऱ्यानं एक तान घेतली की कॅमेरा लगेच कोणाच्या तरी डोळ्यांतल्या पाण्यावर जातो. मला त्याचा भयंकर राग येई. म्हणून वहीतला पहिला नियम असा, की गाणं चालू असताना कोणीही बोलायचं नाही. दुसरा, गाणाऱ्याशिवाय कोणी पडद्यावर दिसायचं नाही. तिसऱ्या नियमानं लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांना बंदी होती. असे एकूण एकेचाळीस. आमची ही त्या वहीला संविधान म्हणायची.

शेठनी वही मिटली. "इतवार शाम का आधा घंटा देता हूँ. नहीं जमा तो वापस भजन मंडली."

मी छातीठोकपणे हो म्हणालो, कारण माझ्या डोक्यात विमलकाकू होत्या.

विमलकाकू धारच्या, आमच्या जुन्या घराशेजारच्या. वडील दरबारात गाणारे. काकूंनी उभा जन्म मुलींच्या शाळेत गाणं शिकवलं. वडिलांकडून त्यांना भीमपलासी रागातली एक बंदिश मिळाली होती. बंदिश म्हणजे रागात बांधलेलं दोन-चार ओळींचं गीत, त्यावर पुढचा सगळा विस्तार होतो. ही बंदिश काकूंखेरीज कोणालाच येत नव्हती. ती कधी रेकॉर्ड झाली नव्हती, कारण कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

मी फोन केला. काकू म्हणाल्या, "ये की. पण शनिवारीच ये बरं. रविवारी मी इंदूरला जातेय, सोमवारी गळ्याचं ऑपरेशन आहे."

थायरॉइडची गाठ होती. बोलता येईल, पण गाण्याचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच मिनिटाला हेही मनात आलं की शनिवारी दुपारी त्यांच्या खिडकीतून ऊन कुठल्या बाजूनं येत असेल.

शनिवारी आमची व्हॅन धारला निघाली. तीन कॅमेरे, चार लाइट, पडद्यासाठी बाग गावच्या छापाची चादर आणि सहा कुंड्या. आमचा साउंडवाला रजेवर होता, त्यामुळे ऐनवेळी इक्बालभियांना घ्यावं लागलं. इक्बालभिया तीस वर्षं लग्नांचे व्हिडिओ काढत होते. म्हणजे तिसरा नियम देवासमध्येच मोडला. वाटेत मी त्यांना बजावलं, "ये शादी नहीं है, इक्बालभिया. मैं 'रोल' बोलूँ, तभी चालू करना."

"जी साहब," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

दीडला पोचलो. भीमपलासी दुपारचा राग. दिवेलागणीनंतर तो गायचा नाही, ही त्या घरातली रीत. वेळ भरपूर होता. इक्बालभियांनी काकूंसमोर माइक ठेवला आणि कोपऱ्यात एक कॅमेरा उभा करून 'वाइड' लावला, म्हणजे अख्खी खोली एकाच चौकटीत. मला तो शॉट अगदी बाळबोध वाटला, पण राहू दिला. काकूंनी तानपुरा जुळवला.

"काकू, पाच मिनिटं हं," मी म्हणालो.

आधी खिडकीच्या गजांची सावली काकूंच्या गालावर पडत होती. ती घालवली तर चादरीला सुरकुती. चादर ताणली तर मागची कुंडी डोक्यातून उगवल्यासारखी दिसायला लागली. आवाज नको म्हणून कूलर बंद केला. मी तोंडात चिकटपट्टी धरून स्टुलावर चढत होतो, उतरत होतो. काकू मागे काहीतरी गात होत्या. मला वाटलं, गळा तापवताहेत. "छान, काकू, चालू द्या," असंही मी एकदा म्हणालो. मग ऊन सरकलं आणि चारही लाइट पुन्हा लावावे लागले.

शेवटी सगळं माझ्या वहीतल्यासारखं झालं. मी टाळी वाजवली. "सायलेन्स! काकू, आता सुरू करू या!"

काकू तानपुऱ्याला गवसणी घालत होत्या.

"आता काय सुरू करायचंय?"

"भीमपलासी, काकू."

"अरे, गाऊन झाला की! तू कुंड्या हलवत होतास तेव्हा."

"तो... तो सराव होता ना?"

"सराव कसला? विलंबित, द्रुत, सगळं गायले मी. तूच म्हणालास ना, छान, चालू द्या. मला वाटलं, हल्ली टीव्हीवाले असंच घेत असतील."

मी हात जोडले. एकदाच, फक्त बंदिश तरी म्हणा, म्हणालो. काकूंनी खिडकीकडे पाहिलं. "तिन्हीसांजा झाल्या रे. आणि खरं सांगू? आता गळाच उरला नाही. होता तेवढा सगळा दिला आज."

मी स्टुलावर बसलो. मला रडू यायला लागलं. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते माझ्या पाठीमागे तीन फुटांवर होऊन गेलं होतं आणि माझं लक्ष चादरीच्या सुरकुतीवर होतं.

इक्बालभिया वायर गुंडाळत माझ्याजवळ आले. "साहब, गुस्सा तो नहीं होओगे?"

"अब क्या हुआ?"

"मेरा कैमरा चालू था. माताजी ने तानपुरा उठाया, तभी से."

"मैंने क्या बोला था? रोल बोलूँ तब."

"बोला था. पर साहब, बिदाई में रीटेक नहीं होता. दुल्हन रोए, उसके पहले से चालू रखना पड़ता है. अब आदत है, क्या करूँ."

मी उठून त्यांना मिठीच मारली. चिकटपट्टी त्यांच्या शर्टाला लागली.

देवासला येऊन फुटेज पाहिलं. काकूंचा आवाज स्वच्छ आला होता. बंदिश पहिल्यापासून शेवटपर्यंत होती. आणि मीही होतो. अकरा वेळा मी काकूंच्या समोरून जातो. सगळ्यात सुंदर तानेच्या वेळी अर्ध्या पडद्यावर माझी पाठ आहे, शर्ट पँटीतून बाहेर आलेला. द्रुत ऐन रंगात असताना, काकू वरच्या षड्जावरून उतरत येतात, नेमका तिथे माझा आवाज येतो, "कुंडी जरा डावीकडे!" त्याखाली काकूंची ती जागा पार बुडाली आहे. माइक एकच, त्यामुळे मला कापायचं तर काकूही कापल्या जाणार.

शेठनी सगळं पाहिलं. मधे एकदा विचारलं, "ये आदमी कौन है, जो बार-बार आ रहा है?"

"मैं हूँ."

"हटा नहीं सकते?"

"हटाया तो गाना कटेगा."

फुटेज संपलं. शेठ उठले. "रहने दो. एंकर समझ लेंगे."

रविवारी कार्यक्रम लागला. प्रेक्षकांचा एकच फोन आला. "माताजी ने कमाल गाया, भिया. पर रंग-पुताईवाले को दूसरे दिन बुलाना था."

ऑपरेशन नीट झालं. महिन्याभरानं मी धारला गेलो. काकू बोलत होत्या, आवाज थोडा घोगरा. वरचा षड्ज मात्र गेला, तो आता लागत नाही. समोर दोन मुली बसल्या होत्या. काकू त्यांना फोनवर आमचा कार्यक्रम लावून तीच बंदिश शिकवत होत्या. एक मुलगी म्हणाली, "काकी, वो कुंडीवाली जगह फिर से बताओ ना."

काकूंनी ती जागा खालच्या सुरात म्हणून दाखवली आणि वर कुठे जायचं ते हातानं दाखवलं. पोरीनं ती वर बरोब्बर घेतली. काकू माझ्याकडे बघून हसल्या. मला हसता आलं नाही. दरबारातून निघालेल्या त्या बंदिशीत एक जागा आता माझ्या कुंडीच्या नावानं ओळखली जाणार आहे.

शेठनी तो अर्धा तास अजून काढून घेतलेला नाही. कॅमेरा इक्बालभियाच लावतात. वहीतले एकेचाळीस नियम मी खोडले आणि एकच नवा लिहिला: रेकॉर्डिंग सुरू झालं की प्रोड्यूसरनं अंगणात बसावं.