बिरादारचा रिपोर्ट

माझी पोस्टिंग हैदराबादला होती. काचीगुड्यात घराघरांत केबल येऊ लागली होती तो काळ. मी हवालदार, पीटी इन्स्ट्रक्टर. युनिटची क्रॉस-कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याच्या धावण्याची टीम माझ्याकडे. सकाळी साडेपाचला फॉल-इन, मग पंधरा किलोमीटर पळणं. संध्याकाळी आणखी दहा. जो मागे पडेल त्याला शिक्षेचे पाच.

सिपाही दत्ता बिरादार, बिदरकडचा, माझा सर्वांत वेगवान गडी. त्या हिवाळ्यात तो मागे पडू लागला. गाल बसले. मला वाटलं, अंग चोरतोय. मी रोज शिक्षेचे पाच लावले. एवढीच अक्कल होती मला.

एके दिवशी तो म्हणाला, "उस्ताद, सगळं नक्को वाटतंय. सुट्टीत गेलो तरी बायकोजवळ जाऊ वाटत नाही. लग्नाला चार वर्षं झाली, लेकरू नाही. बाप म्हणतोय, हिला माहेरी धाडतो, दुसरी करतो."

एमआय रूमच्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्याच्या, डॉक्टरांनी रक्त सुलतान बाजारच्या लॅबला पाठवलं. रिपोर्ट आणायला मीच गेलो.

डॉक्टर म्हणाले, "याचं टेस्टोस्टेरॉन म्हाताऱ्याइतकं उतरलंय. अति पळणं, कमी खाणं. इच्छा मरते, मूल होत नाही, हाडं ठिसूळ होतात. पळणं बंद करा, बहुतेक भरून येईल."

टीम ज्यांच्या हाताखाली होती, त्या मेजर साहेबांपुढे मी रिपोर्ट ठेवला.

"कॉम्पिटिशन कधी आहे?"

"अकरा दिवसांनी, सर."

"मग बाराव्या दिवशी सांग त्याला."

"येस सर."

त्या 'येस सर'चा मला आजही संताप येतो. मेजरचा येतो, त्याहून जास्त माझा.

कॉम्पिटिशनला, सकाळी सात चाळीसला, सपाट रस्त्यावर बिरादारची मांडी मोडली. ठेचसुद्धा लागली नव्हती. मोडलेल्या हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

मृतदेह घेऊन मी त्याच्या गावी गेलो. अंगणात बाप सुनेवर ओरडला, "वांझ तर होतीच, आता नवरा पण खाल्ला हिनं!"

माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर रिपोर्ट काढला. "हिचा काही दोष नाही. आम्ही त्याला पळवून पळवून संपवला."

तिनं विचारलं, "त्यांना ठाऊक होतं?"

"नाही. मी सांगितलं नाही."

"म्हणजे स्वतःला नामर्द समजतच गेले ते."



युनिटच्या स्मारकावर त्याचं नाव नाही; पळताना मेलेल्याचं कोरत नाहीत. दरवर्षी स्मृतिदिनाला तिथली नावं वाचून झाली की मी उठून मोठ्यानं म्हणतो, "सिपाही दत्ता बिरादार." रिटायर्ड मेजर पहिल्या रांगेत बसलेले असतात. ते खाली बघतात. मग मी पुन्हा एकदा म्हणतो.