विश्रांतीचा भरगच्च कार्यक्रम

मिरजोळ्याला मासळी पॅक करणाऱ्या कारखान्यात मी सुपरवायझर. मध्यंतरी जिना उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी बसले ती उठलेच नाही. डॉक्टरांनी महिनाभर सक्तीची विश्रांती सांगितली. पुन्हा असं झालं तर निभावेलच असं नाही, हेही अगदी शांतपणे सांगितलं.

रजेची बातमी वाडीत माझ्याआधी पोचली. नेमका वर्षावास चालू होता. पावसाळ्यात भिक्खूंनी हिंडणं थांबवून एका जागी राहावं, म्हणून हा काळ. आमच्या विहाराच्या कमिटीने त्या थांबण्याचा असा बेत आखला होता, की कुणाला थांबायला सवडच मिळू नये. दर रविवारी प्रवचन, वर भोजनदान, शिवाय रांगोळी स्पर्धा. मी घरी आहे म्हणजे रिकामी आहे, हे एकमताने ठरलं. अध्यक्षांनी छत्री झटकत माझ्या तब्येतीची आपुलकीने चौकशी केली आणि जाताना भोजनदान माझ्यावर सोपवलं. मुंबईहून नवऱ्याचा फोन आला, की नुसतं बसण्यापेक्षा धम्मकार्य बरं. तो स्वतः रविवारी दुपारपर्यंत झोपतो.

पुढे एका रविवारी प्रवचनही माझ्याच गळ्यात पडलं, कारण ठरलेले वक्ते फार दमले होते. विषय होता ‘तणावमुक्त जीवन आणि मध्यम मार्ग’. सकाळपासून सासूबाईंबरोबर विहाराच्या चुलीवर आमटी ढवळून मी माईकसमोर उभी राहिले. पुरुषमंडळी भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती. ते ध्यान असावं, असं मी समजून घेतलं. तेवढ्यात तीच अंधारी आली. मी माईकचा दांडा घट्ट धरला. मला मरणाची भीती वाटली.

“मी दमलेय,” मी म्हटलं. “मला आणखी काही बोलता येणार नाही.”

टाळ्या पडल्या. सुरुवात प्रभावी झाली, असं अध्यक्ष शेजाऱ्याला म्हणाले.

सासूबाई मात्र चुलीपासून उठून आल्या. आजवर त्या मला कधी ‘बस’ म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी मला खाली बसवलं, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, “नीज गो बाय.” अध्यक्षांनी हळूच विचारलं, की मग जेवण वाढणार कोण?

“मी पन दमलंय,” सासूबाई म्हणाल्या. “लगीन होऊन आलंय तवापासना. कुनी इचारलं नाय, म्हनून बोललं नाय.”

मला रडू फुटलं. आमटी वाढायचं ओगराळं कुठे ठेवतात याची कमिटीत चौकशी चालू असतानाच मला झोप लागली.