उचलायला आलेली माणसं

आमच्या वाशीच्या सोसायटीत मीटिंगला बोलावलं तर कुत्रं फिरकत नाही. पण मी माळ्यावरचा चकलीचा सोऱ्या काढताना पाठीवर आपटले, तेव्हा पाच मिनिटांत अख्खा मजला आमच्या हॉलमध्ये. स्टुलावर पाट ठेवून चढले होते मी. घरात शिडी होती, पण तिच्यावर टॉवेल वाळत होते ना.

कंबरेतून अशी कळ गेली की श्वास अर्ध्यावर अडकला. डाव्या पायाला मुंग्या. आता आपण चालणार की नाही, या विचाराने मी गारठले होते. तो एक प्रश्न सोडून बाकी सगळ्यावर चर्चा झाली. नवरा पाणी पाजायला धावला. समोरच्या वहिनींनी मलम आणलं. वरच्या काकांच्या ओळखीत पनवेलचा कोणी हाड बसवणारा होता, म्हणे एका झटक्यात काम. आमच्या सेक्रेटरींनी अर्ध्या दिवसाचं प्रथमोपचार शिबिर केलंय. सर्टिफिकेट लॅमिनेट करून सोसायटीच्या ऑफिसात लावलंय. त्यांनी निर्णय दिला: लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, म्हणून मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली न्यायचं. चौघांनी बाह्या सरसावल्या. माझी उचलबांगडी होणार, एवढ्यात पोळ्यांच्या मावशी आल्या. उरणहून येतात त्या.

मावशींनी पिशवी टाकली आणि काकांना कोपराने बाजूला सारलं.

"कोनी हात लावाचा नाय. फळीवाली गाडी बोलवा."

सेक्रेटरींनी शिबिराची आठवण करून दिली. मावशी माझ्या उशाशी बसल्या, दोन्ही तळव्यांत माझं डोकं धरलं आणि मान अजिबात वळवू नका म्हणाल्या. अँब्युलन्सवाले येईपर्यंत त्या तशाच बसून होत्या. त्या लोकांनी मला फळीला पट्ट्यांनी बांधून जिन्याने उतरवलं.

मणका मोडला होता, पण जागचा हलला नव्हता. खुर्चीत बसवलं असतं तर पाय गेले असते, असं डॉक्टर म्हणाले. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र कमिटीच्या प्रसंगावधानाचं अभिनंदन झालं. मलाही अंगठा टाकावा लागला.

दीड महिन्याने पट्टा बांधून मी स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले आणि मावशींना विचारलं, हे तुम्ही शिकलात कुठे? त्यांनी लाटणं थांबवलं नाही.

"माज्या नवऱ्याला पन चांगल्याच मानसांनी उचलला व्हता."

कंटेनर यार्डात कामावर असताना तो कंटेनरवरून पडला होता. चौघांनी हातापायांना धरून टेम्पोत घातलं. तेव्हापासून तो अंथरुणात आहे. वेळेवर कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, आणि सासूला एकटीला तो वळत नाही. म्हणून पाचची ट्रेन चुकवायची नसते.

लवकर निघता म्हणून मी त्यांना तीनदा सुनावलं होतं. एकदा तर पाहुण्यांसमोर. मला माझीच लाज वाटली. त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण डॉक्टरांनी वाकायला बंदी केली होती. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि म्हटलं, "मावशी, उरलेल्या पोळ्या मी लाटते. तुम्ही निघा."