कोरड्या विहिरीतलं काठोकाठ पाणी

सरकारी ऑफिसात फाइलींना वर्ग असतात. कुठली कायम जपायची, कुठली ठरावीक वर्षांनी नष्ट करायची, हे ठरलेलं असतं. किश्श्यांना वर्ग नसतो, त्यामुळे ते नियमाने नष्टही करता येत नाहीत. निवृत्त होताना मी कपाटाच्या किल्ल्यांसकट सगळ्याचा चार्ज दिला. किस्से तेवढे घ्यायला कोणी सही करेना, म्हणून ते माझ्याकडेच राहिले.

डहाणूतलं आमचं ऑफिस जमिनीखालचं पाणी मोजायचं. वाढवायचं नाही, वाटायचं नाही, फक्त मोजायचं. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या काही विहिरी त्यासाठी नेमलेल्या होत्या. वर्षातून चार वेळा आमचे राऊतभाऊ टेपच्या टोकाला वजन बांधून ती विहिरीत सोडायचे. खाली 'डुबुक' झालं की काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर वाचायचे आणि वहीत लिहायचे. म्हणजे आकडा जितका मोठा, तितकं पाणी खोल. एवढं लक्षात ठेवा. आमच्याकडे भल्याभल्यांच्या ते लक्षात राहिलं नाही.

* * *

पालघर जिल्हा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. जिल्हा नवा आणि शिक्का जुना, म्हणून मी प्रत्येक पत्रावर 'ठाणे' खोडून वर पेनने 'पालघर' लिहीत होतो. अशात मुंबईहून एक मोठे साहेब तपासणीला आले. चिकूची बशी पुढे ओढून त्यांनी एका विहिरीचा तक्ता पाहिला. ऑक्टोबरात दोन मीटर, जानेवारीत चार, मार्चमध्ये सहा, मेमध्ये आठ. साहेबांचा चेहरा उजळला.

"वाढ चांगली आहे. काय उपाययोजना केलीत?"

आमचे भूवैज्ञानिक मोहोळकर साहेब पुण्याहून नवेच आलेले. खरं बोलायची सवय अजून गेली नव्हती. ते म्हणाले, "सर, उन्हाळा."

तपासणीचा शेरा पुढच्या आठवड्यात आला : 'प्रगती समाधानकारक. सदर उपाययोजना इतर जिल्ह्यांतही राबवावी.'

* * *

तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पोटात एक पाडा आहे. तिथल्या विहिरीवर आमचा पिवळा नंबर होता, आणि विहिरीला लागून सोनीबायचं घर. आजूबाजूच्या विहिरींपेक्षा या विहिरीचं पाणी नेहमी वर असायचं. मोहोळकर साहेबांनी त्यावर खडकाच्या भेगांचा एक सिद्धान्तही मांडून ठेवला होता.

भेग वेगळीच निघाली. राऊतभाऊ मोजणीच्या आदल्या दिवशी निरोप पाठवायचे. निरोप आला की सोनीबाय पाड्यावर सांगून टाकायची, "उद्यापर्यंत कोणी पोहरा टाकायचा नाय." मग बायका दिवसभर लांबच्या ओहोळावरून पाणी आणायच्या.

राऊतभाऊंनी विचारलं, "का गं बाय?"

"पाहुणा येनार, तर त्याला रिकामी भांडी दाखवायची का?"

"मी पाहुणा नाय, मी मोजणारा."

"मोजनाऱ्याला तर जास्तच दाखवायला पाहिजे."

राऊतभाऊंनी तिला समजावलं, की सरकारचं उलटं असतं. विहीर कोरडी दिसली तरच पाड्याला टँकर मिळतो. सोनीबायने हातातला पोहरा खाली ठेवला.

"असं उलटं कोनी ठरवलं?"

"वरून आलंय."

* * *

पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला आणि मार्चमध्ये त्या विहिरीत डुबुकऐवजी 'ठक' झालं. वजन तळाच्या कातळावर आपटलं होतं. राऊतभाऊंनी वहीत लिहिलं, 'कोरडी'. त्या वर्षापासून आकडे कॉम्प्युटरच्या फॉर्ममध्ये भरायचे होते, आणि भरायचे मी. त्या खान्यात 'कोरडी' बसेना. तो फक्त आकडे घ्यायचा. पाणी नाही म्हणजे शून्य, हे मला पहिलीपासून शिकवलेलं. मी शून्य घातलं. कॉम्प्युटरने ते विनातक्रार घेतलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

शून्य मीटर म्हणजे पाणी काठाला. तयार झालेल्या नकाशावर सगळा परिसर तांबडा आणि मधोमध सोनीबायचा पाडा गडद निळा. मोहोळकर साहेब नकाशाकडे पाहत म्हणाले, "इथे समुद्र कधी आला?"

तोवर नकाशा टँकर देणाऱ्या ऑफिसात पोचला होता. पाड्याच्या अर्जाला उत्तरही गेलं होतं. ते पत्र घेऊन सोनीबाय हायवेची बस पकडून थेट माझ्या टेबलाशी आली.

"भाऊसाहेब, हे वाचा. आमच्या मास्तरानं वाचलं, पन त्याला नीट वाचता येत नाय असं मला वाटतं."

मी वाचलं : 'सदर विहीर काठोकाठ भरलेली असल्याने टँकरची आवश्यकता दिसून येत नाही.'

मास्तरांनी बरोबरच वाचलं होतं. सोनीबाय म्हणाली, "माझ्या दारातली विहीर भरली, आन् मलाच कोनी सांगितलं नाय?"

चूक माझी होती, हे मी तिला तिथेच सांगितलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शिकलेले ना तुम्ही?" एवढंच विचारलं. त्या उन्हाळ्यात पाड्यावरच्या बायका रोज दोन डोंगर ओलांडून पाण्याला गेल्या. ते माझं शून्य होतं.

* * *

चूक दुरुस्त करायला मी त्याच दिवशी प्रस्ताव पाठवला. कळलं की भरलेला आकडा नुसता बदलता येत नाही, वरिष्ठांनी प्रत्यक्ष जागेवर येऊन पुन्हा पाहावं लागतं. वरिष्ठांना वेळ मिळाला जुलैमध्ये. पावसाने डोंगर दिसत नव्हता. विहीर खरोखरच काठोकाठ होती.

अहवाल आला : 'मूळ नोंद अचूक असल्याचे आढळले. संबंधित लिपिकाच्या कामात शिस्त दिसून येते.'

नोकरीत मला मिळालेली ही एकमेव लेखी शाबासकी.

* * *

पुढच्या मार्चला विहीर पुन्हा कोरडी. आता मी शहाणा झालो होतो. नोंद न भरताच वर विचारणा केली : 'कोरड्या विहिरीसाठी रकान्यात काय भरावे?'

उत्तर आलं, 'निरंक भरावे.'

निरंक म्हणजे ज्यात अंक नाही ते. आणि खाना अंकाशिवाय काही घेत नव्हता. मी रकाना मोकळा ठेवला, तर फॉर्म पुढे जाईना. हेही कळवलं. उत्तर यायला पुढचा पावसाळा उजाडला : 'सदर बाब विचाराधीन आहे.' पाडा याही उन्हाळ्यात डोंगर ओलांडत होता.

* * *

त्यावर कोणीतरी सुचवलं, टँकर राहू द्या, बोअर घ्या. मोहोळकर साहेबांनी वायरी आणि लोखंडी सळ्या लावून अर्धा दिवस जमीन तपासली आणि एका दगडावर चुन्याची खूण केली. पाड्याच्या भगताने तळहातावर नारळ ठेवून फेरी मारली आणि दुसरीकडे बोट दाखवलं. पाड्यात दोन तट पडले.

बोअरचं मशीन आलं, तेव्हा विहिरीच्या थोडं पुढे, शाळेपाशी रस्ता संपला. मशीन पुढे जाईना. बोअर शाळेसमोर मारली आणि ती कोरडी गेली. त्या दिवसापासून साहेब आणि भगत यांची गट्टी जमली. भेटले की दोघं एकमेकांना म्हणत, "आपल्या जागेवर मारली असती, तर…"

* * *

मग आमच्याकडची जमीन हलायला लागली. लोक घाबरून अंगणात झोपत होते. ऑफिसातला फोन सारखा वाजायचा. एक गृहस्थ म्हणाले, "जमिनीच्या खालचं सगळं तुमच्याकडे ना? मग हे थांबवा."

मी म्हटलं, "आमच्याकडे फक्त पाणी. हलण्याचं ऑफिस वेगळं."

सोनीबाय बाजाराला आली की ऑफिसात डोकवायची. तिला विचारलं, "घाबरलीस का बाय?"

"घाबरले. पन सकाळी उठून आधी विहिरीत बघितलं, पानी वर आलं का. हलवूनपन नाय येत, भाऊसाहेब."

* * *

माझ्या शेवटच्या वर्षी फॉर्ममध्ये एक नवा खाना आला : 'विहीर कोरडी आहे का? होय / नाही.' मार्चची मोजणी झाली. 'होय'वर खूण करण्याआधी मी तो प्रश्न तीनदा वाचला, हे मान्य करतो. पाड्याला टँकर मंजूर झाला. अट एकच. मेच्या मोजणीतही विहीर कोरडी निघाली, तर पाऊस येईपर्यंत टँकर चालू. पाणी निघालं, तर दुसऱ्या दिवसापासून बंद.

मेच्या मोजणीला मोहोळकर साहेबांनी मला जीपमध्ये बसवलं. "निवृत्त होण्याआधी ती विहीर एकदा बघून तरी या. शून्य घातलंत तिला."

मी आणि राऊतभाऊ पोचलो, तर विहिरीचा काठ ओला. टँकरने नुकतंच पाणी सोडलं होतं. पाणी सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून टँकर विहिरीतच रिकामा करायची पद्धत. राऊतभाऊंनी टेप सोडली.

डुबुक.

राऊतभाऊंनी ओली टेप वर ओढली. मग सोनीबाय म्हणाली, "भाऊ, हे जमिनीतलं नाय. ट्रकातलं हाय."

"मला माहीत आहे, बाय. टेपला माहीत नाय. टेपने ऐकलं ते मला लिहावं लागतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्मकडे पाहिलं. फॉर्ममध्ये ट्रकाचा खाना नव्हता.

"लिहायची घाई हाय का?" तिने विचारलं.

"नाय," राऊतभाऊ म्हणाले.

"मग चहा घ्या."

तिने आम्हाला ओटीवर बसवलं, चुलीवर पाणी ठेवलं आणि दारातून पाड्याच्या दिशेने एक हाक मारली. चहा उकळेपर्यंत हंडे, कळशा, तेलाचे डबे घेऊन बायका जमल्या. पोहऱ्यांमागून पोहरे पडायला लागले. चहा त्याच पाण्याचा होता. दुसरा कप आला. तिसऱ्याला राऊतभाऊ म्हणाले, "पुरे, बाय."

"घ्या अजून. तळ दिसत नाय."

आम्ही घेतला. मग पोहऱ्यांचा आवाज थांबला. सोनीबायने पदराला हात पुसले. "आता मोजा."

राऊतभाऊंनी टेप सोडली.

ठक.

सोनीबायने काठावरून वाकून विचारलं, "ऐकलं ना टेपने?"