खांब, डावीकडून

हार्मेनच्या डोळ्यांचा दोष चमत्कारिक होता. कडेचं सगळं दिसायचं, गवत, कालवा, कालव्यातली बदकंसुद्धा. नेमकं समोरचं तेवढं दिसायचं नाही. आणि मोटारी शिरू नयेत म्हणून सायकलवाटांवर ज्या शहाण्यांनी खांब रोवले, त्यांनी ते रोवले मधोमध. पासष्टीत अशाच एका खांबापायी त्याचे दोन दात गेले.

तेव्हापासून बायको, आल्तये, पुढे आणि हा मागे. तिच्या सायकलला दोन भडक नारिंगी पिशव्या होत्या. कडेच्या नजरेत त्या राहतील एवढंच अंतर तो ठेवी. खांब आला की ती ओरडे, "खांब, डावीकडून." दर शुक्रवारी बाजारात तळलेला मासा खायला जायचं, वाटेत सात खांब. नऊ वर्षांत त्याला ओरखडाही उठला नाही.

"तुझ्यामागे डोळे मिटून येतो बघ मी," तो म्हणे.

"मिटून ये नाहीतर उघडून ये. तुला काय फरक पडतो," ती म्हणे.

मग एका शुक्रवारी शाळेपाशी ती ओरडली, "खांब, डावीकडून." तिथला खांब दोन वर्षांपूर्वीच उपटला होता. जुनी सवय, असं म्हणून हार्मेनने सोडून दिलं. पण पुढे पुलापाशी खांब होता आणि तिथे ती गप्प राहिली. वाट पाठ होती म्हणून तो वाचला.

घरी त्याने विषय काढला नाही. काढला असता तर मुलगी मिन्के आईला डॉक्टरकडे नेणार, आधी तिची सायकल जाणार आणि मग तीच जाणार. पाच महिने तो मूग गिळून बसला. ती नसलेले खांब सांगे आणि तो मुकाट वळे. असलेले खांब तो स्वतःच लक्षात ठेवी. निभतंय, असं त्याला वाटे. माणूस स्वतःला किती फसवतो, त्याला काही सुमार नाही.

ऑक्टोबरात ती बाजाराच्या वाटेवर भलतीकडेच वळली, थेट ट्रकांच्या रस्त्यावर. नारिंगी पिशव्यांमागे तोही गेला. कर्कश हॉर्न वाजला.

"आल्तये, थांब."

ती रस्त्याच्या मधोमध उतरली. "तुम्ही कोण?" तिने अदबीने विचारलं. "मला शाळेत जायचंय हो."

तिचा चेहरा त्याच्या अगदी समोर होता, म्हणून त्याला दिसेना. मान वळवून कडेने पाहिलं तेव्हा कळलं, ती लहान मुलीसारखी घाबरली होती. ट्रकवाल्याने खाली उतरून दोघांना कडेला आणलं.

संध्याकाळी त्यानेच मिन्केला फोन केला.

"बाबा, कधीपासून चाललंय हे?"

"पाच महिने."

"आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तिला नेलं असतंत."

मिन्के रडायला लागली. पुढच्या महिन्यात आल्तयेला वृद्धाश्रमात नेलं. दोन्ही सायकली शेडमध्ये गेल्या.

आता शुक्रवारी हार्मेन पांढरी काठी टेकत पायी तिच्याकडे जातो, कागदात गुंडाळलेला मासा घेऊन. ती त्याला ओळखत नाही. परवाही खिडकीशी बसली होती. तो दालनातून तिच्याकडे निघाला, तशी तिने मान वर केली.

"खांब, डावीकडून."

दालन मोकळं होतं. तिथली फरशीन् फरशी त्याला ठाऊक होती. हार्मेन डावीकडून गेला.