मोगलाईतून निघालेल्या सात शेळ्या

मोगलाईच्या शेवटच्या उन्हाळ्यात आमच्या गावातले बहुतेक पुरुष हद्दीपलीकडे, बार्शीच्या बाजूला निघून गेले होते. हत्यारबंद टोळी गावात कधी शिरेल याचा नेम राहिला नव्हता. माझे मालकही गेले. घरात मी, सासूबाई आणि सात शेळ्या उरलो. येरमाळ्याच्या पश्चिमेला आमचा खडकाळ माळ होता. त्यात पिकलेली ज्वारी शिमग्यापर्यंत पुरायची, उरलेलं वर्ष शेळ्यांवर निघायचं. म्हणून मालकांचा निरोप आला, घर राहू द्या, शेळ्या तेवढ्या आणा. त्या पलीकडे पोचल्या नाहीत तर तिकडे खायचं काय, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

मी आदल्या दिवशीच सगळं ठरवून टाकलं. निघायचं भर दुपारी, कारण तेव्हा हद्दीच्या नाक्यावरची माणसं सावली धरून असतात. बरोबर भाकरी, पाण्याची चरवी, बाभळीच्या शेंगांचं गाठोडं. तीन शेळ्या दुधाच्या, तीन गाभण, एक म्हातारी. दुधाला सर्वांत भारी होती तिची पंधरा दिवसांची जुळी करडं पाटीत घालून सासूबाईंनी डोक्यावर घ्यायची. आणि आवाज नको म्हणून म्हातारीच्या गळ्यातली घंटी काढायची.

इथंच मी चुकले. शेतांमधून सगळ्या नीट चालल्या, कारण म्हातारी डोळ्यांसमोर होती. नाक्याअलीकडच्या ओढ्यात उतरलो आणि बाभळीच्या दाटीत ती दिसेनाशी झाली. मागच्या शेळ्या जागेवर थांबल्या. एक ओरडली, दुसरीनं तिला साथ दिली, आणि घटकाभरात सगळा ओढा ब्यां ब्यां करू लागला. मी शेंगा दाखवल्या, जिभेनं चुचकारलं. कुणी पाय उचलीना. इतकी वर्षं त्या म्हातारीमागं चालतात असं मी समजत होते. त्या घंटीमागं चालत होत्या.

"आता गं?" सासूबाई कुजबुजल्या. "नाका हाकेवर हाय."

"घंटी बांधते, आत्याबाई."

"येडी झालीस का? सगळ्या मुलखाला कळंल."

"कळलंच आहे. घंटीची शेळी चरायला निघालेली दिसते. बिनघंटीची चोरून नेलेली दिसते."

त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं. "बांध मग."

दोरीची गाठ तिसऱ्यांदा बसली. घंटी वाजली, ओरडणं थांबलं, आणि आम्ही उघड्या रस्त्यानं नाक्यासमोर गेलो.

लिंबाच्या सावलीत तिघं होते. त्यातला बंदूकवाला उठला. "क्यों अम्मा, कुठं निघाली वरात?"

"चारायला," सासूबाई म्हणाल्या.

"एवढ्या लांब?"

"जवळचा पाला तुमच्या घोड्यांनी ठिवलाय व्हय? आमी काय शेळ्यांला धोंडे चारावं?"

मागचे दोघं हसले. बंदूकवालाही हसला, पण त्यानं पाटीवरचं फडकं उचललं. "चारायला जाताना करडं कशाला?"

"पिती हायेत अजून. घरी कोण पाजंल?"

"बराबर," तो म्हणाला आणि दोन्ही करडं उचलून त्यानं लिंबाखाली ठेवली. "हे इथं राहतील. सांजच्याला घेऊन जा. म्हणजे परत यायची याद राहील."

सासूबाईंनी रिकामी पाटी सावरली. मला म्हणाल्या, "चल."

घंटीमागं सहा शेळ्या निघाल्या. सातवी, करडांची आई, लिंबाकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या गळ्यात दोर घातला आणि ओढत नेलं. हद्दीचा दगड शंभर पावलांवर राहिला होता. करडं मागून ओरडत होती, ती पुढून ओरडत होती, आणि दर हाकेला तिघांच्या माना आमच्याकडे वळत होत्या.

मी मनात हिशेब केला. ती गेली तर आमचं निम्मं दूध गेलं. ती आली तर करडं तीन दिवसांत मरतील, आणि तिच्या ओरडण्यानं हद्दीच्या आत आम्हाला कुणीतरी थांबवील. मग सातही जातील.

मी दोर सोडला. ती लगेच गेली नाही. माझ्याकडे पाहत उभी राहिली, तेव्हा मी तिच्या पाठीवर थाप मारून तिला मागं वळवलं. मग ती पळाली.

"सुटली का गं?" बंदूकवाला लांबून ओरडला.

"करडापायी फिरली," मी ओरडले. "राहू द्या तिथंच, सांजच्याला नेते."

दगड ओलांडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पाजून तरी निघायला पायजे हुतं करडांना. पोटं भरली असती तर वरडली नसती."

गावच्या पुरुषांच्या छावणीत मालकांनी शेळ्या मोजल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी चरवी उचलली आणि उरलेल्या दोन दुभत्या शेळ्यांपाशी धार काढायला जाऊन बसले.