मोडलेलं दार आणि का-मावशी

तिला सगळे का-मावशी म्हणत. दिवसभर कामात असते म्हणून नव्हे, तर प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारते म्हणून. नाव ठेवलं नवऱ्याने, लग्नानंतर लगेचच, आणि ते गल्लीभर झालं. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात तिचा जन्म गेला. गिऱ्हाइकाने नुसता नंबर सांगितला तरी ती विचारायची, “उजवा डोळा जास्त का बिघडला? झोपून वाचता का?” मालक कपाळाला हात लावायचा.

ती निवृत्त व्हायच्या सुमारास चर्चमधली एक सिस्टर चष्मा दुरुस्तीला घेऊन आली. मावशीने मुंगीएवढा स्क्रू चिमट्याने उचलून अलगद बसवला. सिस्टर बघतच राहिली. म्हणाली, “मावशी, लहान मुलांच्या धर्मशिक्षणाचा वर्ग सुरू करतेय. असे हात हवेत मला.”

“मला धर्म शिकवता येत नाही हो. मला स्वतःलाच शंभर शंका.”

“शिकवायचं नाहीच आहे. वस्तू मांडायच्या, एकदा हळूच करून दाखवायचं आणि गप्प बसायचं.”

“गप्प का?”

सिस्टर हसली. “या, म्हणजे कळेल.”

चर्चमागच्या खोलीत सगळं गुडघ्याएवढं होतं. बुटकी वेदी, तिच्यावर बाहुलीला शोभेल असा प्याला, पाणी ओतायची काचेची सुरई, वाटीत गव्हाचे दाणे. मुलाने आधी सतरंजी पसरायची, एकच वस्तू आणायची, मन भरेपर्यंत हाताळायची आणि जागेवर ठेवून द्यायची. मोठ्यांनी उत्तरं द्यायची नाहीत. मावशीच्या जिवावर आलं. तोंडाशी आलेलं उत्तर गिळताना तिला ठसका लागायचा. नवरा म्हणायचा, “घरात मला एक वाक्य पुरं करू देत नाही आणि तिथे जाऊन मौनव्रत!”

पण वर्गासाठी मेंढवाडा केला त्यानेच. खोक्याच्या फळ्या तासून गोल कुंपण, लाकडाची मेंढरं, हातात काठी घेतलेला मेंढपाळ. दाराला बिजागरी मिळेना, तेव्हा मावशीने जुन्या चष्म्याच्या दांडीची काढून दिली. दार असं फिरायचं की मुलं नुसती उघडझाप करत बसायची. आणि म्हणूनच एके दिवशी ते निखळलं.

त्या दिवशी खोलीत बेकरीवाला बसला होता. त्याची मुलगी चिमणी जेमतेम पाच वर्षांची. बुटक्या खुर्चीत मावेना तो, आणि त्याचा रागही मावेना. “मावशी, एवढे दिवस झाले, पोरीला एक प्रार्थना धड येत नाही. घरी येऊन पेल्यातून पेल्यात पाणी ओतते. आम्ही या वयात सगळं घडाघडा म्हणायचो.”

मावशी काही बोलणार, तेवढ्यात चिमणीच्या हातात दार सुटून आलं. तिने बापाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. मावशीचा हात सवयीने चिमट्याकडे गेला. पण चिमणी रडली नाही, तेव्हा तो हातही थांबला.

चिमणीने दार बाजूला ठेवलं. मेंढरं एकेक करून आत नेली. मग त्या उघड्या फटीकडे बराच वेळ बघत बसली. शेवटी मेंढपाळाला उचललं आणि फटीत आडवा ठेवला.

बेकरीवाल्याला राहवलं नाही. “अगं, राखणीच्या वेळी झोपवलंस होय त्याला?”

“झोपला नाहीये बाबा. दार मोडलंय ना? आता तोच दार.”

“आणि लांडगा आला म्हणजे?”

“आधी याच्या अंगावरून यावं लागेल.”

मावशी पुढे वाकून बघू लागली. येशूने स्वतःला मेंढरांचं दार म्हटलंय, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. माणूस दार कसा होईल, हा तिचा जुना ‘का’. एका फादरांना विचारला, तर त्यांनी तो हसण्यावारी नेला. आणि इथे त्याचं उत्तर सतरंजीवर आडवं पडलं होतं. तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्याऐवजी तिने हळूच विचारलं, “मग मेंढरांना बाहेर जायचं असेल तर?”

“तो उठेल ना!” एवढंही कळत नाही का, अशा सुरात चिमणी म्हणाली.

बेकरीवाला मुलीला घेऊन गेला.

मावशीने घरी सगळं सांगितलं, तेव्हा नवऱ्याने लगेच नवी बिजागरी केली. मावशी म्हणाली, “अहो, राहू दे ना दार मोडकंच. सगळ्याच पोरांना कळेल.”

“म्हणजे माझी कारागिरी बाद?” त्याने तोंड फुगवलं. मग बिजागरी चाचपत म्हणाला, “आणि मोडकं ठेवलंस, तर ते तूच सांगितल्यासारखं नाही का होणार?”

मावशीने ‘का?’ विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदाच, असं नवरा अजून सांगतो. चिमणीचा शोध चिमणीचा. बाकीच्यांनी आपापला लावावा. दुसऱ्या दिवशी तिने दार बसवलं. चिमणीने ते एकदा उघडून पाहिलं आणि ती सरळ गव्हाच्या दाण्यांकडे गेली. तिची काहीतरी प्रतिक्रिया येईल म्हणून डोळे लावून बसलेली मावशी स्वतःशीच हसली.

त्या शनिवारी बेकरीवाला मुलीला सोडायला आला आणि दारातच घुटमळला. हात घासून धुतलेले, तरी नखांत पीठ होतंच.

“मावशी, मी एकदा लावू का हात? त्या मेंढरांना?”

“आधी सतरंजी आणा,” मावशी म्हणाली. नियम तो नियम.

त्याने सतरंजी पसरली, कुरकुरत्या गुडघ्यांनी मांडी घातली आणि तो एक मेंढरू तळहातावर घेऊन निरखू लागला. मग विचारलं, “यातलं कुठलं मेंढरू मी म्हणायचं?”

मावशीला ठसका लागला. ती उठून पाणी प्यायली आणि परत येऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

“कुठलं वाटतं?” तिने विचारलं.

तो एकेक मेंढरू उचलून बघत राहिला. चिमणी मागे उभी राहून आपली पाळी कधी येते याची वाट बघत होती.